अंगणातली कुंभार्ली

"उलटली बघ परत," अण्णा म्हणाले.

ट्रक मातीच्या ढिगाऱ्याच्या पायथ्याशी पाठीवर पडला होता आणि त्याची चारही चाकं हवेत गरगरत होती. मी खुर्चीतून उठलो, तो सरळ केला आणि पुन्हा रस्त्याच्या तोंडाशी नेऊन ठेवला. त्या सकाळी मी हे सहाव्यांदा करत होतो.

"कुठल्या वळणावर गेली?" अण्णांनी विचारलं.

"तिसऱ्या."

"तिसऱ्याच." अण्णांनी मांडीवरचा रिमोट बाजूला सारला. "आरं, पाच हजार येळा गेलो आसंन त्या घाटानं. पन्नास-पन्नास माणसं घिऊन. कुणाचं डोकं खिडकीला लागलं न्हाई. आन हितं अंगणात, गुडघाभर ढिगाऱ्यावरनं पडतोय."

"पुन्हा एकदा बघू या."

"तू बघ. मला च्या पायजे."

अण्णा, म्हणजे गणपत शेवाळे, हे माझे थोरले भाऊ. एस.टी.च्या कराड आगारात ते एकतीस वर्षं ड्रायव्हर होते, आणि त्यातली बरीचशी वर्षं कराड-चिपळूण गाडीवर, म्हणजे कुंभार्ली घाटात गेली. मी दामोदर, त्यांच्याहून पाच वर्षांनी लहान. एका कॉलेजात ग्रंथपाल होतो. अण्णांनी मला एकदा स्कूटर शिकवायला घेतली होती, तेव्हा मी ती उसाच्या फडात घातली. त्यानंतर यंत्राचा विषय निघाला की ते माझ्याकडे बघतसुद्धा नसत, आणि मला त्यात काही चुकीचं वाटत नसे.

ह्या गोष्टीला आता नऊ वर्षं झाली. त्या जानेवारीत अण्णांना अर्धांगाचा झटका आला. पाय महिन्याभरात बऱ्यापैकी सावरला. बोलणं तर पंधरा दिवसांत जागेवर आलं, शिव्यांसकट. राहिला तो उजवा हात. तो अंगाशी असायचा, पण अण्णांचा नसायचा. घरी व्यायाम करून घ्यायला मुल्ला मॅडम आठवड्यातून दोनदा येत. त्यांनी रबरी चेंडू दिला होता, दाबायला. अण्णा तो दोन वेळा दाबत आणि तिसऱ्या वेळी खाटेखाली टाकून देत.

"काका, तुम्हाला आवडतं असं हाताचं काय काम आहे?" मॅडमनी एकदा कंटाळून विचारलं.

"स्टेरिंग फिरवाय आवडतंय. देता का आणून?"

मॅडम हसल्या नाहीत. "तेच फिरवा मग," म्हणाल्या.

ते विलासच्या कानावर गेलं. विलास अण्णांचा मुलगा, चाकणला कारखान्यात असतो. त्याला रिमोटवर चालणाऱ्या गाड्यांचा नाद आहे. रविवारी तो आणि त्याचे मित्र कुठल्यातरी डोंगरावर जाऊन दगडांतून ट्रक चालवतात, हे मला तोवर ठाऊकच नव्हतं. त्यानं आपल्याकडचा एक जुना ट्रक आणून दिला. हातभर लांब, पिवळा, जाड रबरी चाकांचा. रिमोट पिस्तुलासारखा होता. डाव्या हातात धरून बोटानं घोडा दाबायचा, म्हणजे ट्रक पुढे जातो. उजव्या बाजूला वाटीएवढं चाक असतं, ते उजव्या हातानं फिरवायचं, म्हणजे ट्रक वळतो.

"उजव्याच हातानं," मुल्ला मॅडमनी बजावलं. "डावा हात मदतीला आला तर मला कळेल."

मग घाट झाला. कुंपणाचा पाया खणल्याची माती अंगणाच्या कोपऱ्यात पडून होती. अण्णा खुर्चीत बसून काठीनं दाखवत आणि मी खुरप्यानं रस्ता काढत असे. "आजून आत घे. आसं वळण आसतंय व्हय? ही काय मंडईतली बोळ हाय?" असं करत दोन दिवसांत पाच वळणं झाली. कडेला दगड बसवले. वहिनींनी वरून पाणी मारून चोपून दिलं. तिसरं वळण सगळ्यांत अवघड होतं, उजवीकडे एकदम मुरडलेलं आणि मध्येच दगड वर आलेला. मी तो दगड काढू का, असं विचारलं होतं. "घाटात दगड आसतोय," अण्णा म्हणाले.

पहिल्या दिवशी ट्रक तिसऱ्या वळणावरून खाली गेला, तेव्हा आम्ही सगळेच हसलो.

दुसऱ्या दिवशी मी ढिगाऱ्याच्या अगदी जवळ बसलो होतो. ट्रक तिसऱ्या वळणापाशी आला. अण्णांनी रिमोटचं चाक फिरवलं. मी त्यांच्या हाताकडे बघत होतो, कारण मला गाडीकडे बघण्यापेक्षा ते सोपं जात होतं. हात थरथरत होता, पण चाक वळलं होतं. आणि त्याच वेळी ट्रकच्या पोटातून बारीक गुणगुण ऐकू आली, डबीत कोंडलेल्या माशीसारखी. पुढची चाकं दगडाला टेकून तशीच सरळ राहिली. ट्रक सरळ गेला आणि पडला.

घरी जाऊन मी ट्रकबरोबर आलेली पुस्तिका काढली. मला पुस्तिका वाचायला आवडतात, औषधाच्या खोक्यातलीही मी वाचतो. त्यात पुढची चाकं वळवणाऱ्या छोट्या मोटरची माहिती होती. तिला सर्वो म्हणतात. चाकं अडली आणि ती वळवण्याची ताकद सर्वोत नसली, की तो जागच्या जागी गुणगुणतो, असं त्यात एका ओळीत लिहिलं होतं.

तिसऱ्या दिवशी मी म्हटलं, "अण्णा, मला वाटतं, ती आतली मोटर जरा..."

"जरा काय?"

"कमी पडत असेल."

"दामू," अण्णा ट्रकवरची नजर न काढता म्हणाले, "तू उसात घातल्याली स्कूटर आजून मला सपनात दिसती. गप बस."

मी गप्प बसलो. मला तरी कुठं नक्की माहीत होतं? एक ओळ वाचली होती, एक आवाज ऐकला होता. हात मी पाहिला होता, पण हाताचंही मला काय कळतं? असं मी स्वतःला सांगितलं आणि रोज सकाळी जाऊन पडलेला ट्रक उचलत राहिलो.

तीन आठवडे गेले.

एका सोमवारी मी गेलो तर अंगणात खुर्ची नव्हती. अण्णा आत खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडले होते. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात गवार मोडत बसल्या होत्या. त्यांनी मला खुणेनं बोलावलं.

"भावजी, ह्यांनी रिमोट कपाटावर टाकलाय. काढायचा न्हाई म्हंत्यात. चेंडूबी देऊन टाकला मला, म्हंत्यात कुत्र्याला टाक."

"कुत्रं कुठाय आपल्याकडे?"

"तेच म्या म्हटलं. तर म्हणाले, मग पाळ." त्या हसल्या नाहीत. "काल जेवताना डाव्या हातानं घास घेतला. मी म्हटलं, मॅडमनी उजव्यानं सांगितलंय. तर म्हणाले, त्यो हात गेला. आपलीच चूक, उगा त्याच्या मागं लागलो."

बुधवारी मुल्ला मॅडम आल्या तेव्हा मी मुद्दाम थांबलो. त्यांनी अण्णांची बोटं एकेक करून उघडली. मागच्या आठवड्यात ती सहज उघडत होती. आता त्यांना जोर लावावा लागत होता. बाहेर आल्यावर त्यांनी चप्पल घालता घालता मला सांगितलं, "काका, हे घट्ट व्हायला लागलंय. पहिल्या सहा महिन्यांत जे येतं ते येतं. साडेतीन महिने झालेत. ह्यांनी आत्ता सोडलं तर नंतर मला फारसं काही करता येणार नाही."

"त्यांना वाटतं हात गेला."

"हात गेलेला नाही. पण त्यांना तसं वाटत राहिलं तर जाईल." त्या स्कूटरवर बसल्या. "ती गाडी चालवत होते ना? चांगलं होतं ते. का थांबवली?"

मी काहीतरी उत्तर दिलं. काय दिलं ते आठवत नाही. आठवत नाही हे बरं आहे.

त्याच दुपारी मी वहिनींना सांगून ट्रक आणि रिमोट घरी आणला. "धूळ फार झालीय, साफ करतो," असं म्हटलं. मग विलासला फोन केला. फोन करायच्या आधी काय बोलायचं ते कागदावर लिहून काढलं होतं, पण दोनच वाक्यं झाल्यावर तो म्हणाला, "काका, तो कंपनीचा सर्वो आहे. प्लॅस्टिकच्या गिअरचा. एवढ्या जड चाकांना तो पुरतच नाही. मी बदलणार होतो, राहून गेलं. अण्णांना त्रास होतोय का?"

"थोडा."

"आधी सांगायचं ना. पंचवीस किलोचा बसवा."

"पंचवीस किलोचा? अरे, तो ट्रकच दोन किलोचा नसेल."

"वजन नव्हे, काका. ताकद. दिसायला काडेपेटीएवढाच असतो. मी पाठवतो. तिथं कुणाकडून बसवून घ्याल?"

"बघतो," मी म्हणालो.

कुणाला विचारणार? कुणाच्या दुकानात जाऊन, ह्या वयात, हा ट्रक पुढे ठेवणार? मी स्वतःच बसवायचं ठरवलं, म्हणजे दुसरं काही सुचलं नाही. शुक्रवारी पार्सल आलं. मी जेवणाचं टेबल रिकामं केलं, वर पांढरा पंचा पसरला, म्हणजे स्क्रू हरवणार नाहीत. प्रत्येक स्क्रू काढला की कागदावर त्याची जागा काढून त्यावर ठेवायचा. ग्रंथालयात जुनी पुस्तकं बांधणीसाठी सोडवताना आम्ही असंच करत असू.

जुना सर्वो निघाला. त्याच्या दांड्यावर एक छोटी पट्टी बसते, तीच पुढची चाकं ढकलते. तिला हॉर्न म्हणतात. जुना हॉर्न नव्या दांड्यावर बसेना, कारण दोन्हींचे दाते वेगळे होते. अर्धा तास मी तो बसवायचा प्रयत्न केला आणि मग पार्सलच्या तळाशी नवा हॉर्न सापडला. तो बसवला, सगळे स्क्रू आवळले, बॅटरी जोडली. ट्रकची पुढची चाकं आपोआप डावीकडे वळली आणि तशीच राहिली.

मी सगळं पुन्हा सोडवलं. दुसऱ्यांदा ती उजवीकडे वळली.

तेव्हा कुठे पुस्तिकेतली ओळ नीट वाचली. आधी सर्वोला वीज द्यायची, तो आपला मध्य स्वतः शोधतो, आणि मगच हॉर्न सरळ बसवायचा. मी उलट करत होतो. वीज नसलेल्या सर्वोवर माझ्या अंदाजानं मध्य ठरवून पट्टी ठोकत होतो. तिसऱ्यांदा चाकं नीट सरळ राहिली. संध्याकाळचे पाच वाजले होते. मला इतका आनंद झाला की मी तेवढ्यावर थांबलो नाही.

रिमोटवर नखाएवढं एक बटण होतं, फिरवायचं. रिमोटचं चाक किती वळवलं म्हणजे ट्रकची चाकं किती वळावीत, हे त्यानं ठरतं. ते मी पूर्ण पुढे फिरवलं. आता रिमोटचं चाक निम्मं वळवलं तरी ट्रक पुरता वळत होता. अण्णांचा हात निम्माच वळत होता. म्हणजे हिशेब जुळला, असं मला वाटलं. खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मला स्वतःबद्दल बरं वाटलं, आणि ते क्वचित होतं.

शनिवारी सकाळी मी ट्रक घेऊन गेलो. अण्णा अंगणात यायला तयार नव्हते.

"एकदाच," मी म्हटलं.

"कशापायी?"

"साफ केलाय. चालतो का बघायचंय. मला चालवता येत नाही."

हे पटण्यासारखं होतं. वहिनींनी खुर्ची आणून ठेवली. अण्णा काठी टेकत आले, बसले. वहिनींनी त्यांचा उजवा हात उचलून रिमोटच्या चाकावर ठेवला आणि पदर खोचून माझ्या शेजारी उभ्या राहिल्या.

पहिल्या वळणावर ट्रक गर्रकन वळला आणि मातीच्या भिंतीत घुसला. "आरं?" अण्णा म्हणाले. त्यांनी तो मागे घेतला, पुन्हा पुढे नेला. दुसरं वळण कसंबसं पार पडलं. तिसऱ्या वळणावर चाकं दगडाला टेकली. गुणगुण झाली नाही. चाकं दगडावरून घासत उजवीकडे वळली, ट्रकनं नाक उचललं आणि तो वळणावरून वर निघून गेला.

"गेली की ओ," वहिनी म्हणाल्या. त्यांनी माझा दंड धरला होता. एरवी त्या असं करत नाहीत. "भावजी, गेली. हात चालतोय ह्यांचा."

चौथ्या वळणावर ट्रक अर्ध्यातच आतल्या बाजूला मुरडला आणि उलटून पडला. मी उचलायला वाकलो.

"खाली ठिवू नगंस. हातात धर," अण्णा म्हणाले. "माझ्याकडं तोंड कर त्याचं."

मी ट्रक दोन्ही हातांत धरून त्यांच्यासमोर उभा राहिलो. त्यांनी रिमोटचं चाक किंचित वळवलं. ट्रकची चाकं बरीच वळली. त्यांनी आणखी थोडं वळवलं. चाकं टोकाला जाऊन थांबली.

"मी आर्धंबी न्हाई फिरवलं," अण्णा म्हणाले. "गाडी पुरी वळली. आन आवाजबी बदललाय. काय केलंस?"

"साफ केला."

"दामू. एकतीस वर्सं गाडी चालवली. सकाळच्या पाळीला कुणी बिरेक आवळून ठिवलाय, हे मला डेपोच्या भाईर पडायच्या आधी कळायचं. काय केलंस?"

मी सांगितलं. मोटर बदलल्याचं सांगितलं, बटण फिरवल्याचंही. वहिनी आळीपाळीनं आमच्याकडे बघत होत्या.

"म्हंजे हात माझा न्हाई चालला. तुझं बटान चाललं."

"बटण थोडं..."

"आन आदली मोटार? ती का काढली?"

"ती कमजोर होती. तिसऱ्या वळणावर दगडाला अडायची. तुम्ही चाक वळवत होता, ती वळत नव्हती."

अण्णांनी ट्रककडे बघत विचारलं, "कवापासनं?"

"पहिल्यापासून."

"म्हंजे मी वळवत हुतो."

"हो."

"पयल्या दिवसापासनं मी वळवत हुतो."

"हो, अण्णा."

"तुला कवा कळलं?"

इथं मला खोटं बोलता आलं असतं. विलासनं सांगितलं, असं म्हणता आलं असतं, आणि ते पुरतं खोटंही नव्हतं. ट्रक माझ्या हातात होता आणि त्याची चाकं अजून उजवीकडे वळलेली होती.

"दुसऱ्या दिवशी," मी म्हणालो.

वहिनींनी माझ्यावरची नजर काढली आणि त्या आत गेल्या. स्वयंपाकघरात भांडं ठेवल्याचा आवाज आला. अण्णांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ते रिमोटवरच्या आपल्या हाताकडे बघत होते. दुसऱ्या कुणाच्या तरी हाताकडे बघावं तसे.

"मी तुम्हाला म्हणालो होतो," मी म्हटलं. "तिसऱ्या दिवशी. तुम्ही गप बस म्हणालात."

"म्हणालो आसंन."

"मला नक्की माहीत नव्हतं, अण्णा. माझं यंत्रातलं..."

"इनामदार कंडक्टर हुता माझ्या गाडीवर," अण्णा मध्येच म्हणाले. "तू बघितलायस त्याला. बारका, चष्म्याचा. घाटात गाडी मागं घ्यायची आली की त्यो उतरायचा, मागं जाऊन हुभा ऱ्हायचा आन शिट्टी वाजवायचा. मला मागचं दिसायचं न्हाई. त्याची शिट्टी तेवढी ऐकू यायची. लई वाजवायचा. जरा कुठं चाक कडंला आलं की वाजव. मी त्याला काय काय बोललोय, तुला सांगतो. पॅशिंजरांम्होरं बोललोय. आईवरनं बोललोय. मान खाली घालायचा, गाडीत चढायचा. आन दुसऱ्या दिवशी परत मागं हुभा राहून शिट्टी वाजवायचा."

मी हातातल्या ट्रककडे बघितलं.

"त्याला तरी कुठं गाडी चालवाय यायची?" अण्णा म्हणाले. "सायकलबी येत नव्हती बेण्याला."

"मी कंडक्टर नाही, अण्णा."

"मग कोण हायस? मागं कोण हुभं हुतं? तीन आठवडं मी हात मेला म्हणून बसलो. तुला दिसत हुतं. मला दिसत नव्हतं."

कुंपणापलीकडून दूधवाल्याची मोटारसायकल गेली.

"ते बटान हुतं तसं कर," अण्णा म्हणाले.

मी ते मागे फिरवून मूळ जागी आणलं.

"मोटार ऱ्हाऊ दे. मोटार चांगली हाय. ठेव गाडी."

मी ट्रक पायथ्याशी ठेवला. अण्णांनी घोडा दाबला. पहिलं वळण सोपं होतं, ट्रक हळूहळू वळून गेला. दुसरंही गेलं. वहिनी परत दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या, हातात काही नव्हतं. तिसऱ्या वळणाच्या तोंडाशी अण्णांनी ट्रक थांबवला. मग रिमोटचं चाक वळवायला लागले.

चाक निम्म्यापर्यंत आलं आणि थांबलं. अण्णांच्या कपाळावर घाम आला होता. त्यांनी पुन्हा जोर लावला. चाक तिथंच राहिलं. ट्रकची पुढची चाकं दगडाकडे अर्धवट वळून थांबली होती, आणि आता त्यात मोटरचा काही दोष नव्हता, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं.

मी त्यांच्या हाताकडे बघत होतो. कोपर अंगापासून सुटलं होतं आणि खांदा कानाकडे चढला होता. सगळा जोर खांद्यात जात होता, मनगटात काही उरत नव्हतं. मुल्ला मॅडम समोर बसल्या की कोपर अंगाशी असायचं, त्या गेल्या की असं सुटायचं. हेही मी पहिल्या दिवसापासून पाहत होतो. मला वाटायचं, असेल त्यांची पद्धत. वाटायचं, मला हातातलं काय कळतं.

अडुसष्ट वर्षांचा होतो मी.

"अण्णा, खांदा वर जातोय," मी म्हणालो.

"काय?"

"खांदा वर चढतोय तुमचा. कोपर पोटाला लावा. नुसतं मनगट वळवा."

"आता बोलाय लागलं हे," अण्णा वहिनींकडे बघून म्हणाले. "तोंड फुटलं बघ त्याला." आणि एक शिवी दिली, जी मी इथं लिहीत नाही. मग मान वाकडी करून आपल्या खांद्याकडे पाहिलं.

त्यांनी खांदा खाली सोडला. कोपर हळूहळू पोटाशी आणलं, परत सुटलं, परत आणलं आणि दाबून धरलं. हात वरपासून खालपर्यंत थरथरला. काही वेळ काहीच झालं नाही. मग रिमोटचं चाक सरकलं, बोटाच्या पेराएवढं. दगडापाशी ट्रकच्या पुढच्या चाकांनीही तेवढीच मान वळवली.

अण्णांनी श्वास सोडला. ट्रककडे न बघता त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"आजून?" त्यांनी विचारलं.

"अजून," मी म्हणालो.